टेबल आधी उलटं करून बघा

मागच्या अंकात मोरोक्कोतल्या फेझ शहरच्या एका मोझॅक टेबलाच्या दुरुस्तीचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. म्हणून या वेळचं सदर मोरोक्कन टेबलांनाच देऊन टाकते. ज्यांनी पडद्यांबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : ताई, नव्या घराचा हॉल आम्ही मोरोक्कन थीममध्ये करतोय. रंगीत टाइलचं गोल सेंटर टेबल, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना नक्षीची अष्टकोनी टेबलं, छताला जाळीचे कंदील, खाली चामडी पूफ (गोल, बुटक्या बैठका) आणि एका भिंतीवर तशाच टाइलचा वॉलपेपर. यजमान म्हणतात, हॉटेलची लॉबी दिसेल. कोणाचं बरोबर?

यजमानांचं. रागावू नका, यादीतली एकेक वस्तू छान आहे. पण सगळ्या एकाच खोलीत आल्या की एकीकडेही नजर ठरत नाही.

फेझमधला अत्तारीन मदरसा १३२५ साली पूर्ण झाला. त्याच्या चौकाचे फोटो जरा निरखून बघा. रंगीत टाइलचं काम, ज्याला तिकडे झेलीज म्हणतात, ते भिंतीच्या खालच्या भागातच आहे. त्याच्या वर कोरीव गिलावा, फिकट, एकरंगी. त्याच्याही वर देवदाराचं गडद लाकूड. नक्षी तिन्ही थरांत ठासून भरलेली आहे, पण रंगांचा गलबला फक्त खाली. ज्या कारागिरांनी हे केलं त्यांना वरपर्यंत रंग नेता आला नसता असं थोडंच आहे! त्यांनी नेला नाही. पुढे १३५०च्या दशकात बांधलेल्या बू इनानिया मदरशातही हीच रीत दिसते.

घरातली गोष्टही लक्षात घ्या. मोरोक्कन बैठकीच्या खोलीत कायमच्या असतात त्या भिंतीलगतच्या लांब, गादीच्या बैठका. टेबल तिथे ये-जा करतं. जेवायच्या वेळी बुटकं गोल टेबल पुढे येतं, सगळे एकाच थाळीभोवती बसतात, जेवण झालं की टेबल बाजूला. चहाचं तबक आलं की त्याच्यापुरती घडीची तिवई उघडते. टेबल ही तिथे रोजची वापरायची, हलवायची वस्तू आहे. आपण तिला हॉलच्या मध्यभागी मूर्तीसारखी बसवतो आणि भोवती आरास करतो, तिथेच सगळं बिनसतं.

तेव्हा यादीला कात्री लावू. सगळ्यात आधी वॉलपेपर बाद. खऱ्या टाइलशेजारी टाइलचा छापील फोटो लावला की खरी टाइलसुद्धा छापील वाटायला लागते. गोल टेबल ठेवा, कारण रोज हाताशी तेच येणार. अष्टकोनी टेबलांपैकी एकच घ्या, तेही साध्या लाकडाचं, जडावकाम नसलेलं. दोन्ही बाजूंना जुळी टेबलं आली की शोरूमची कळा येते. कंदील छताला नको. जाळीतून पडणाऱ्या उजेडाचे ठिपके नेमके टेबलाच्या नक्षीवर पडतात आणि दोन्ही नक्ष्या एकमेकींत मिसळून डोळ्यांना त्रास होतो. एकच कंदील, कोपऱ्यात, जमिनीलगत, जिथे त्याची सावली कोऱ्या भिंतीवर पडेल. पूफ राहू द्या, पाहुणे आले की उपयोगी पडतात.

मापं आता. सोफा १८० सेंटीमीटरचा असेल तर गोल टेबलाचा व्यास ९०च्या आसपास. सोफ्याची कड आणि टेबलाची कड यांत ४० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे गुडघे अडत नाहीत आणि कपही हाताला येतो. ज्या बाजूने घरातली माणसं जा-ये करतात तिथे ७५ सोडा. सोफ्याचं कापड एकरंगी. उश्यांचा रंग टेबलावरून उचला, पण टेबलात जो रंग सगळ्यात जास्त आहे तो नव्हे, जो थोडाच आहे तो. टेबल निळं-पांढरं असून मधूनच पिवळ्या चांदण्या असतील, तर उश्या पिवळ्या. निळ्यावर निळं चढवलं की टेबल त्यात बुडतं.

खालची फरशी नक्षीची असेल तर मध्ये साधा गालिचा हवाच. बेनी उराईन धाटणीचे लोकरी गालिचे इथे चपखल बसतात. मधल्या ॲटलस पर्वतातल्या टोळ्यांचं हे विणकाम. लोकर बिनरंगवलेली, सायीच्या रंगाची, त्यावर काळपट चार-दोन रेघा. झेलीजचं टेबल आणि असा गालिचा एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आणि डोक्यावरचा पांढरा भगभगीत दिवा बंद ठेवा. झिलईच्या टाइलवर वरून उजेड पडला की नक्षीऐवजी बल्बचं प्रतिबिंब दिसतं. बाजूने तिरपा, २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावून बघा. प्रत्येक तुकड्याची पातळी केसभर वेगळी असते, त्यामुळे एकेक तुकडा वेगळा चमकतो. त्या टेबलाचे पैसे खरं म्हणजे याचेच असतात.

प्रश्न : मागवलेलं टाइलचं टेबल घरी आलं. तुकडे वरखाली आहेत, कडा खरबरीत आहेत, एकाच निळ्याच्या तीन-चार छटा आहेत. परत करू का?

या कारणांसाठी तरी नको. पण आधी टेबल उलटं करून बघा. माझं काम जुन्या सामानाच्या दुरुस्तीचं, त्यामुळे कुठलंही टेबल समोर आलं की मी पहिल्यांदा त्याचं पोट बघते. वरची बाजू विकण्यासाठी असते.

हे टेबल बनतं कसं, ते कळलं की निम्म्या शंका फिटतील. फेझच्या मातीच्या साधारण चार इंची चौकोनी टाइल भाजतात, झिलई चढवून परत भाजतात. मग कारागीर मांडी घालून बसतो, समोर छोटी ऐरण, हातात दोन्ही टोकांना धार लावलेला जड हातोडा. टाइलवर आखलेल्या आकाराप्रमाणे तो एकेक ठोका घालत चांदणी, बदाम, पट्टी काढतो. तुकड्याची मागची बाजू तो जरा तिरपी तासतो, म्हणजे पुढून दोन तुकडे अगदी चिकटून बसतात आणि मागे चुन्या-सिमेंटला शिरायला जागा राहते. नंतरचा भाग मला सगळ्यात नवलाचा वाटतो. हे सगळे तुकडे पालथे मांडले जातात. झिलई खाली, उघडी माती वर. मांडणाऱ्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत, नक्षी डोक्यात असते. मांडून झालं की वरून सिमेंटचा गारा ओततात, तो घट्ट झाला की उलटवतात.

म्हणून तुमच्या टेबलाचं पोट खडबडीत, करड्या सिमेंटचं असेल, त्यात लोखंडी सळ्या किंवा जाळी असेल आणि भोवती लोखंडी पट्टीचं कडं असेल, तर माल पद्धतीने केलेला आहे. आता वरून बघा. दोन तुकड्यांमधली फट केसाएवढी बारीक असेल तर हात चांगला. फट जाड, सगळीकडे सारखी, पांढऱ्या भरावाने भरलेली आणि तुकडे अगदी एका मापाचे असतील, तर ते यंत्रावर कापलेलं मोझॅक आहे. तेही टिकाऊ असतं, त्यात काही वाईट नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे हवी. परत करायचं ते दोनच कारणांनी : बोटाच्या टकटकीला एखादा तुकडा पोकळ वाजला, किंवा पोटाच्या सिमेंटला कडेपासून मध्याकडे जाणारी चीर असली.

एक सांगायचं राहिलं. पारंपरिक झिलईत शिसं वापरलं जाई. टाइलवर थेट खाण्याचे पदार्थ मांडू नका, ताटली किंवा तबक वापरा. आणि वर काच टाकायचा विचार मनात असेल तर काढून टाका. वरखाली तुकड्यांवर काच डुगडुगते आणि खाली दमट हवा कोंडते.

प्रश्न : असं टेबल बाल्कनीत ठेवलं तर चालेल? वजनाची भीती वाटते.

वजनाचा हिशेब घरीच करता येतो. एक मीटर व्यासाचं, साडेतीन सेंटीमीटर जाडीचं टेबल धरा. सिमेंट आणि मातीचा हा थर घनमीटरला सुमारे दोन हजार किलो भरतो. म्हणजे नुसती वरची चकती ५५ किलोच्या घरात जाते, पाय वेगळे. साठ सेंटीमीटरच्या टेबलाची चकती मात्र वीस किलोच्या आसपास बसते, दोघांनी सहज उचलण्याजोगी. बाल्कनीसाठी साठच घ्या. धडधाकट बाल्कनीला तेवढं वजन काहीच नाही. खरा धोका टेबल कलंडण्याचा. लोखंडी पाय चकतीच्या कडेपासून फार आत असतील तर कोणी कडेवर हात टेकून उठायला जावं आणि अख्खी चकती पायावर यावी, असं होऊ शकतं. घेतानाच कडेवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघा. जरासुद्धा उचललं तर ते टेबल नको.

पाऊस थेट लागत असेल तर पाणी फटींतून झिरपून आतलं लोखंड गंजवतं. गंजलं की लोखंड फुगतं आणि तुकडे उडतात. जिथे पाणी गोठतं अशा हवेत तर थंडीत हे टेबल आत घ्यायलाच हवं.

प्रश्न : आई-बाबा आमच्यासोबत राहतात. मला बुटकं मोरोक्कन टेबल आणि जमिनीवरची बैठक हवी आहे. दोघांचेही गुडघे दुखतात.

मग जमिनीवरची बैठक खोलीच्या एका कोपऱ्यात, तुमच्यापुरती करा. गादीवर बसायचं तर टेबल २५ ते ३० सेंटीमीटर उंच पुरतं. सोफ्यासमोर तेच टेबल आणलं तर आई-बाबांना प्रत्येक वेळी कमरेतून वाकावं लागेल आणि महिन्याभरात त्यावर फक्त वर्तमानपत्रं साठतील. सोफ्याची बैठक ४० ते ४५ सेंटीमीटर असते, टेबलाचा पृष्ठभाग तिच्या बरोबरीने किंवा दोन-तीन सेंटीमीटर खाली असावा. आई-बाबांच्या खुर्च्यांना तर हाताच्या उंचीचं, ५० ते ६० सेंटीमीटरचं अष्टकोनी टेबल द्या. चष्मा, औषधं, पाण्याचा तांब्या, सगळं न वाकता हाताशी.

घडीच्या तिवईवर ठेवायचं पितळी तबक मात्र त्यांच्याजवळ नको. ते नुसतं वर टेकवलेलं असतं. उठताना आधारासाठी कोणी कड धरली की तबक उलटलंच. तुमच्या कोपऱ्यात ते वापरा, आणि तिवईच्या टोकांवर रबराच्या छोट्या चकत्या चिकटवा म्हणजे सरकणार नाही.

प्रश्न : उंटाच्या हाडाचं जडावकाम म्हणून एक टेबल घेतलं. शेजारीण म्हणते प्लास्टिक आहे. ओळखायचं कसं?

भिंग घ्या आणि पांढऱ्या तुकड्यावर तिरपा टॉर्च मारा. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. कापल्यावर त्या काळपट टिंबं किंवा बारीक रेघा म्हणून दिसतात, विखुरलेल्या, अनियमित. प्लास्टिकच्या, म्हणजे कृत्रिम राळेच्या तुकड्यात काहीच दिसत नाही, किंवा सुबक गोल बुडबुडे दिसतात. दुसरं म्हणजे रंग. हाडाचे दोन तुकडे सारख्या रंगाचे नसतात. एक दुधी, शेजारचा किंचित पिवळा. माराकेशकडे हाड मेंदीत रंगवून नारिंगी-तपकिरी करतात, तिथेही छटा कमी-जास्त होते. सगळे तुकडे एकजात शुभ्र असतील तर शेजारणीची सरशी. गरम सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. टेबल खरं निघालं तरी त्याला भोक पडलेलं राहील.

मग उलटं करा. आतलं लाकूड दिसतं का? की दाबलेल्या भुशाचा बोर्ड? बोर्ड असेल तर तुकडे फार काळ धरणार नाहीत. खऱ्या लाकडालाही उन्हापासून जपा. लाकूड हवेप्रमाणे आडवं फुगतं आणि आक्रसतं, हाड तसं हलत नाही, आणि या ओढाताणीत चिकटवण सुटते. एखादा तुकडा उचकटला तर लगेच लिफाफ्यात घालून टेबलालाच चिकटवून ठेवा. हरवलेला तुकडा नव्याने कापण्यात जितका वेळ जातो त्याच्या दहाव्या हिश्शात जुना बसतो.

आणि टेबल शिंपल्याच्या दाट जडावाचं असेल, तर त्यावर ‘मोरोक्कन’ अशी चिठ्ठी असली तरी ही धाटणी मुख्यतः सीरियातल्या दमास्कसची. टेबल त्याने काही कमी होत नाही, पण विकणाऱ्याला तेवढंही माहीत नसेल तर त्याच्या बाकीच्या दाव्यांवरही मी जरा जपूनच विश्वास ठेवीन.

प्रश्न : थुयाच्या लाकडाचं टेबल म्हणजे काय? एवढं महाग का? घ्यावं का?

आता माझा वीक पॉइंट. एसाविरा हे मोरोक्कोचं अटलांटिक किनाऱ्यावरचं गाव, तिथले सुतार या लाकडावर काम करतात. थुया हे सरूच्या कुळातलं हळू वाढणारं झाड. जमिनीलगत त्याच्या बुंध्याला गाठ येते. ती आडवी कापली की तांबूस-तपकिरी लाकडात छोटे-छोटे गोल डोळे दिसतात, जणू उकळत्या पाकातले बुडबुडे जागीच थिजलेत. तळहाताने जोरात घासा, उष्णतेने वास सुटतो, गोडसर, राळेचा. कडांना लिंबू देणाऱ्या झाडाचं पिवळं लाकूड पट्टीसारखं बसवलेलं असतं.

महाग म्हणाल तर ही ओरड दोन हजार वर्षांची आहे. रोमन श्रीमंत लोक याच झाडाच्या टेबलांसाठी वेडे झाले होते. रोमचा नामांकित वक्ता सिसेरो याने एका टेबलाला पाच लाख सेस्टर्स (रोमन नाणी) मोजले, असं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. तोच सांगतो की नवरे मोत्यांच्या खर्चावरून बोलू लागले की बायका त्यांना टेबलांच्या वेडावरून सुनावत. वरच्या पहिल्या पत्रातल्या यजमानांना हे कळवू नये.

घ्यावं का? संपूर्ण गाठीतून कोरलेलं मोठं टेबल घेऊ नये, असं माझं मत. सूचिपर्णी झाडांत क्वचित आढळणारा गुण थुयात आहे : वरून तोडलं तरी ते बुंध्यातून पुन्हा फुटतं. पण गाठीसाठी मुळासकट खणलं की संपलं. गाठीचा पातळ पापुद्रा साध्या लाकडावर बसवलेलं छोटं टेबल घ्या. एका गाठीत असे कितीतरी होतात, आणि दिसायला डोळे तेच. ते सोफ्यासमोर न ठेवता वाचनाच्या खुर्चीजवळ ठेवा, दिव्याखाली. चार पावलांवरून ते नुसतं तपकिरी दिसतं, हातभर अंतरावरून बघण्याचं ते लाकूड आहे.

प्रश्न : आमच्याकडे जीवाश्मांचं काळं दगडी टेबल आहे. त्यावर लिंबू सरबत सांडलं आणि पांढरट डाग पडला. काही केल्या निघत नाही.

तो डाग नाहीच, म्हणून निघत नाही. मोरोक्कोतल्या एर्फूदच्या वाळवंटी भागातून येणारा हा दगड संगमरवर म्हणून विकतात, पण तो चुनखडी आहे. त्यातले ते लांब सुळ्यासारखे शंख आणि गुंडाळलेले शंख पस्तीस कोटी वर्षांहून जुने, तिथे समुद्र होता तेव्हाचे. चुनखडीवर आंबट पडलं की तिचा वरचा थर खाल्ला जातो, म्हणजे तेवढ्या जागची चकाकी गेली आहे. तुम्ही घासत राहिलात तर भोवतालचीही जाईल. दगडाची पॉलिश करणाऱ्याला बोलवा. तो पाणी मारून बारीक होत जाणाऱ्या कागदांनी ती जागा घासून परत चमक आणेल. व्हिनेगर आणि बाथरूमचं ॲसिड चुकूनही लावू नका. पुढे सरबतासाठी तबक.

प्रश्न : पितळी तबक काळवंडलंय. घासून लखलखीत करू की जुनं दिसू देऊ? आणि हे खरंच पितळ आहे का?

आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळेचा मुलामा, तो घासलात तर उडेल, ओल्या फडक्याने पुसून सोडून द्या. चिकटलं नाही तर तबक पालथं करा. हाताने कोरलेल्या नक्षीत रेघ कुठे खोल, कुठे उथळ असते, मागे तिचा अंधुक, तुटक उठाव जाणवतो. साच्यात दाबलेल्या तबकाच्या मागे तीच नक्षी जशीच्या तशी उलटी दिसते. फेझमध्ये सेफारीन नावाचा तांबटांचा चौक आहे, तिथे ही भांडी उघड्यावर ठोकताना दिसतात.

हाताचं काम असेल तर पुरतं लखलखीत करू नये. लिंबू आणि मिठाने सपाट भाग हलकेच घासा, ताबडतोब धुवा, कोरडं करा, आणि रेघांच्या आतला काळेपणा तसाच ठेवा. नक्षी वाचता येते ती त्या काळ्यामुळे. ब्रश लावून रेघांतलं खरवडून काढलं तर दुरून तबक कोरं दिसेल. लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारून घेऊ नका. वर्षा-दोन वर्षांत ते पोपडे धरतं, आणि मग त्या पोपड्यांसकट तबक माझ्याकडे येतं.